तिसऱ्या वाफ्यातली गाजरं

मी, खाली सही करणारी, वय वर्षे एक्याऐंशी, शाळा चौथीपर्यंत आणि पुढचं सगळं बियांच्या पाकिटांवर वाचून शिकलेली, हे मृत्युपत्र राजीखुशीने लिहिते. डोकं ठिकाणावर आहे. गुडघे नाहीत, पण कायद्याला त्यांची गरज नाही.

१. राहतं घर आणि बँकेतली ठेव माझ्या मुलाला. छप्पर त्याने गळायच्या आधी बघावं, गळल्यावर सगळेच बघतात.

२. शिडी पलीकडच्या मास्तरांना. सहा वर्षांपूर्वी "दोन दिवसांसाठी" नेली, ती तिथेच आहे. आता रीतसर देते, म्हणजे त्यांना माझी नजर चुकवायला नको.

३. मागचं आवार, विहिरीपासून कुंपणापर्यंत, त्यातली झाडं, खताचा खड्डा, कुदळ, खुरपी, झारी आणि छाटणीची कात्री माझ्या सुनेला, एकटीला. मुलाला तिथे फरशी घालून गाडी उभी करायची आहे. बाळा, गाडी कुठेही उभी राहील, तिला मुळं नसतात.

आवार सुनेलाच का, हे लिहिणं भाग आहे. ती लग्न होऊन आली त्या थंडीत मी खिडकीतून वाफा दाखवला आणि गवत काढायला सांगितलं. तासाभरात तिने वाफा लख्ख केला. ते गवत नव्हतं, माझी गाजरं होती, नुकती बोटभर वर आलेली. तेव्हापासून एकोणीस वर्षं मी येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगत आले की आमच्या सूनबाईंना गवत आणि गाजर एकच. ती हसायची आणि झारी उचलून निघायची. पानगळीतला पाला तिने ओढला, उन्हाळ्यात झाडांभोवती पाण्यासाठी आळी तिने केली. माझे गुडघे गेल्यापासून डाळिंबाची छाटणीही तीच करते, आणि माझ्यापेक्षा नीट करते.

खरी गोष्ट अशी की गवत चौथ्या वाफ्यात होतं आणि मी बोट तिसऱ्याकडे केलं होतं. चष्मा स्वयंपाकाच्या ओट्यावर राहिला होता. संध्याकाळीच माझ्या लक्षात आलं, पण सासूपण नवं होतं, जीभ रेटेना.

हे मी गेल्यावरच वाचलं जावं असा बेत होता. पण मग तिने "असू दे, आई" म्हटलेलं मला कसं ऐकू येणार? म्हणून काल गाजरं पेरताना सांगून टाकलं. तिचा हात थांबला नाही.

"चष्मा ओट्यावर मलाच सापडला होता, आई. मला तेव्हाच कळलं."

"मग बोलली का नाहीस?"

"तुम्ही बोलाल म्हणून थांबले होते. सरका जरा, पेरलेल्या ओळीवर बसलात."

४. तिसऱ्या वाफ्यात दरवर्षी गाजरंच लावावीत. पहिली खुरपणी मुलाने करावी. वाफा सुनेने दाखवावा, आणि चुकीचा दाखवला तरी त्याने हसून काढावं.

लिहून ठेवणार : (सही, चष्मा लावून)
साक्षीदार : १. टपाल वाटणारे काका (सही)
२. दवाखान्यातल्या डॉक्टरीणबाई (सही, डोकं यांनीच तपासलं)
ठिकाण : मागच्या दाराची पायरी
तारीख : १२ नोव्हेंबर, पेरणीचा दुसरा दिवस