दालचिनी न घातलेला जॅम

प्रिय खोडरबर,

या नावाने तुला हाक मारायचा हक्क मला अजून आहे की नाही, ठाऊक नाही. आधी तुझं खरं नाव लिहिलं होतं, पण ते घटस्फोटाच्या नोटिशीवरच्या नावासारखं दिसायला लागलं म्हणून कागदच बदलला. फोन केला असता तर पहिल्याच वाक्याला तू ‘म्हणजे?’ विचारलं असतंस, आणि त्या ‘म्हणजे’चं उत्तर माझ्याकडे नाही. आज चष्म्याच्या दुकानाला सुट्टी आहे, दुपार मोकळी आहे, गॅसवर काही चढवलेलं नाही. तेव्हा सावकाश लिहिते, तूही सावकाश वाच. ऑफिसात नकाशातल्या रेघा खोडतोस तशी माझी वाक्यं मनातल्या मनात खोडत बसू नकोस.

गेलं वर्षभर आई माझ्याकडे येताहेत. माझी नाही, तुझी आई. तुला त्यांनी सांगितलेलं नाही हे मला माहीत आहे, आणि मीही सांगायचं नाही असं ठरलं होतं. गेल्या वर्षी टोमॅटो उतू जाईस्तोवर बाजारात आले होते ना, त्या दिवसांत एका शनिवारी सकाळी बेल वाजली. दार उघडलं तर आई, दोन्ही हातांत पिशव्या, दोन जिने चढून धापा टाकत. पाच वर्षांत आमचं एक अक्षर बोलणं झालेलं नव्हतं. मला वाटलं, काहीतरी वाईट बातमी घेऊन आल्या. तर म्हणाल्या, “तुझ्याकडे मोठं पातेलं आहे ना?” मी गोंधळून बाजूला झाले, आणि त्या सरळ स्वयंपाकघरात गेल्या. टोमॅटो उकळत्या पाण्यातून काढले, सोलले, आटवले. मी बाटल्या उकळून पालथ्या घातल्या. चौदा बाटल्या भरल्या. सबंध दिवसात आम्ही टोमॅटोखेरीज एका शब्दानेही दुसरं बोललो नाही. जाताना निम्म्या बाटल्या ठेवून म्हणाल्या, “पुढच्या शनिवारी लिंबं बघू.”

मी काय काय तर्क केले, सांगू? पश्चात्ताप झाला असेल. माझ्याकडे कोणी राहायला आलंय का ते बघायला येत असतील. तूच पाठवलं असशील. दुकानात काचा घासणारे आमचे काका म्हणाले, “अहो, त्यांचा गॅस बंद पडला असेल, एवढंच.” आणि या सगळ्या तर्कांच्या मध्येच कधीतरी मी शनिवारची वाट बघायला लागले. हे लिहिताना मला लाज वाटतेय. ज्या बाईंच्या नावाने मी पाच वर्षं बोटं मोडली, त्यांच्यासाठी मी शुक्रवारी संध्याकाळी ओटा घासून ठेवू लागले.

बाजार मला त्यांनीच शिकवला, तोही आत्ता, नातं संपल्यावर. याआधी मी दुकानातून घरी येताना जे दमलेलं-भागलेलं उरलेलं असेल ते उचलायची. आईंबरोबर सकाळी सातला जायचं. मटाराची शेंग कानाशी धरून मोडायची, कट्ट आवाज आला तरच घ्यायची. वांग्याचा देठ बघायचा, वांगं नाही. मक्याचं कणीस सोलून बघितलं की कणीसवाली ओरडते, म्हणून पानांवरून बोट फिरवून दाणे मोजायचे. खरबुजाच्या गाडीपाशी मात्र त्या फळ हातात घ्यायच्या, वजन बघायच्या, आणि माझ्याकडे द्यायच्या. “तू बघ.” मी वास घेऊन मान डोलावली की पिशवीत. घरी आल्यावर तेच. मिठातली लिंबं असोत, व्हिनेगरमधल्या मिरच्या असोत, चमचा माझ्यापुढे यायचा. “बघ गं, काय कमी आहे.” आपल्या संसाराच्या पाच वर्षांत हा चमचा एकदाही माझ्या हातात आला नव्हता. मला तो मान वाटला. आनंदाच्या भरात मी विचारलंच नाही की का.

गेल्या महिन्यात आलुबुखार आले, काळेभोर, हात लावला तर साल फुटेल असे. जॅमला आम्ही शेवटी दालचिनीचा तुकडा घालतो. त्या दिवशी डबा उघडला तर दालचिनी संपलेली. मी काही बोलले नाही, तसाच जॅम शिजू दिला. आईंनी चव घेतली, डोळे मिटले आणि म्हणाल्या, “आज दालचिनी जरा पुढे आलीय.” मी हसले. त्या हसल्या नाहीत. मग एकदम मला बाकीचं आठवलं. आदल्या शनिवारी नासलेल्या दुधाचा चहा त्या शांतपणे प्यायल्या होत्या. त्याच्या आधी एकदा शेगडीचं बटण अर्धवट फिरलेलं, सगळ्या घरात गॅसचा वास, मी खिडक्या उघडत धावतेय, आणि त्या शेगडीशेजारी उभ्या राहून मिरच्यांचे देठ काढताहेत.

मी दिवसभर लोकांना विचारते, ही काच चांगली की ही, आता स्पष्ट की मघाशी. तेच केलं. त्यांना डोळे मिटायला सांगितलं, एका वाटीत कॉफीची पूड घेतली, दुसऱ्या वाटीत चुरडलेला पुदिना, आणि नाकाशी धरल्या. “ही कोणती?” त्यांनी दोन्ही वाट्या पुन्हा पुन्हा हुंगल्या. मग डोळे न उघडताच म्हणाल्या, “गोड कळतं गं. आंबट कळतं. आलुबुखार कळत नाही.” दोन वर्षं झाली म्हणे. शेजारणीला सांगितलं असतं तर गावभर झालं असतं. तुला सांगितलं असतं तर तू घाईघाईत “डॉक्टरकडे जा” म्हणून फोन ठेवला असतास. “तुझी जीभ मला माहीत होती,” त्या म्हणाल्या. “तू केलेलं कधी बिघडलं नाही.” मी विचारलं, “मग तेव्हा का नाही सांगितलंत?” त्या बरणीत जॅम ओतत राहिल्या. थोडक्यात, तुझ्याकडे ज्या बरण्या पार्सलने येतात आणि ज्यांच्याबद्दल तू फोनवर ‘आईच्या हातची चव’ म्हणतोस, ती चव वर्षभर माझी आहे. हे टोमण्यासाठी सांगत नाही. थोडंसं टोमण्यासाठीच सांगतेय.

मी त्यांना ओढतच दवाखान्यात नेलं. आधी नाकाच्या डॉक्टर, त्यांनी तपासणीला पाठवलं, तिथून मेंदूच्या डॉक्टरांकडे. कपाळाच्या मागे गाठ आहे, लहान लिंबाएवढी. घाबरू नकोस, कॅन्सरची वाटत नाही, काढता येते. फार हळू वाढते म्हणाले, दहा-बारा वर्षांची सहज असेल. मग त्यांनी सहज विचारावं तसं विचारलं, “पूर्वी कधी नसलेले वास यायचे का यांना? जळका वगैरे?”

आठवतं ना तुला? मी ओट्याशी उभी राहिले की पाच मिनिटांत आई दारात. “जळतंय काहीतरी.” काहीच जळत नसायचं. मी झाकण काढून दाखवायची, त्या नाकाला पदर लावायच्या. तुझे साहेब जेवायला आले होते त्या दिवशी मी केलेलं पातेलंभर सूप त्यांनी सगळ्यांदेखत मोरीत ओतलं, आणि तू मान खाली घालून म्हणालास, “आई म्हणतेय म्हणजे असेल.” त्यानंतर आठवड्याने मी बॅग भरली. ही बाई मुद्दाम करते आणि हा माणूस गप्प बसतो, एवढ्या दोन वाक्यांत मी आपला संसार कसा मोडला ते सहा वर्षं जगाला सांगत आले. आता डॉक्टर म्हणतात, त्या गाठीमुळे तो जळका वास त्यांना तेव्हा खरोखर येत असू शकेल. नक्की सांगता येत नाही, पण असू शकेल.

मग मी कोणावर रागावले होते? गाठीवर? आणि तेवढंच असतं तरी मी कसंबसं पचवलं असतं. डॉक्टर पुढे म्हणाले की गाठ ज्या जागी आहे तिथे ती दाबली की माणूस बदलतो, कोणी चिडकं होतं, कोणी भलतंच मऊ. आता सांग, तेव्हाचा जाच गाठीचा होता, की आत्ताची माया गाठीची आहे? मोठं पातेलं विचारत माझ्या दारात आलेल्या त्या आई होत्या, की लिंबाएवढी गाठ? मी डॉक्टरांना विचारलं, काढल्यावर काय? “बहुतेक बऱ्या होतील. वास परत येईलच असं नाही. स्वभावाचं काही सांगता येत नाही.” आईंनी सगळं ऐकलं. येताना बसमध्ये पिशवी मांडीवर घेऊन बसल्या होत्या. तीन थांबे गेल्यावर म्हणाल्या, “म्हणजे मी तुला छळलं ते खरं नव्हतंच का?” मी म्हटलं, मला नाही माहीत. त्यांनी मांडीवरची पिशवी नीट केली. “मला वाटतं, थोडं खरं होतं,” म्हणाल्या. आणि आम्ही दोघी इतक्या हसलो की कंडक्टर मागे वळून बघायला लागला.

ऑपरेशन पुढच्या गुरुवारी सकाळी आठला आहे. कागदांवर आईंनी स्वतःच सह्या केल्या आहेत, तुला काही करायचं राहिलेलं नाही. तुला कळवायचं नाही अशी शपथही त्यांनी घातलीय. त्यांना वाटतं, तुझं घर त्यांनी मोडलं, आता कुठल्या तोंडाने बोलवायचं. मला त्यांनी एवढंच सांगितलंय: “शुद्धीवर आले आणि पूर्वीसारखी बोलले, तर तू थांबू नकोस, सरळ घरी जा.” मी हो म्हटलं, आणि तेव्हापासून मला काही सुचत नाही. त्यांनी डोळे उघडून पहिलं वाक्य काय बोलावं हे माझ्या हातात नाही, आणि ते ऐकल्यावर मी खुर्चीत बसून राहीन की उठून चालू लागेन, तेही मला आज छातीठोकपणे सांगता येत नाही. मी उठले तर त्या खुर्चीत कोणीतरी बसलेलं हवं. शपथ मोडून हे पत्र लिहितेय ते तेवढ्यासाठी. बुधवारी संध्याकाळच्या गाडीने ये. माझ्यासाठी नको, आपल्यासाठी तर नकोच. फक्त ये, आणि या वेळी मान वर करून बस.

पूर्वीची का होईना, पण तुझीच,
मी