पक्ष्याचं कार्ड

सोमवार, ३ जून

लाज आणली! आठ वर्षं राबून काढलेला आमचा इंग्रजी शब्दकोश, आणि आज एका मास्तरांचं पत्र – "ऑर्थोग्राफी म्हणजे शुद्धलेखन, मान्य. पण मूळ अर्थ 'पक्षी' अधिक 'लिहिणे'? तुमच्याकडे शुद्धलेखन चिमण्या तपासतात काय?"

अहो, ग्रीकमध्ये ऑर्थोस म्हणजे सरळ, बरोबर. ग्राफेन म्हणजे लिहिणे. सरळ लिहिणं – इतकं साधं! पक्षी आला ऑर्निथॉलॉजीतून, पक्षिशास्त्रातून. प्रत्येक शब्दाचं एक कार्ड, आणि ही दोन्ही एकाच खणातली. शुद्धलेखनाच्याच शब्दात माती खाल्ली!

मंगळवार, ४ जून

साहेब गरजले, "कार्ड कुणी लिहिलं?" त्या खणातली सगळी आमच्या कचेरीतल्या जुन्या अण्णांनी. मी सांगून टाकलं. का नाही सांगायचं? ते लिहितात, मी लाल पेन्सिलीने तपासते. माझ्या नजरेतून सुटलं असेल, पण लिहिलं कुणी?

अण्णा एवढंच म्हणाले, "असेल बाई माझीच चूक." असेल काय! मला वीस वर्षं बजावलं, शंका आली की मुळाशी जा – आणि स्वतः? म्हटलं, कार्ड काढून बघू. तर म्हणे, "कशाला धुळीत हात घालतेस."

गुरुवार, ६ जून

दुसऱ्या खंडाच्या कामातून अण्णांना काढलं. वाईट वाटलं. पण राग काही उतरत नाही. आख्ख्या कोशाचं हसं झालं ते झालंच ना!

शुक्रवार, ७ जून

जाताना अण्णांनी त्यांचं भिंग माझ्या टेबलावर ठेवलं. "तुला लागेल." टोमणाच तो! हातसुद्धा लावला नाही मी.

मंगळवार, ११ जून

नव्या छपाईसाठी दुरुस्ती हवी, म्हणून काल संध्याकाळी तो खण उघडला. कार्डावर अण्णांचं टपोरं अक्षर – 'सरळ, बरोबर'. त्यावर लाल काट. वर लिहिलंय 'पक्षी'. अक्षर माझं. शेजारच्या कार्डाची दुरुस्ती मी ह्या कार्डावर केली होती.

खाली माझीच सही आणि तारीख. आई गेली त्याच्या तिसऱ्या दिवसाची. अण्णा तेव्हा म्हणाले होते, "आज राहू दे गं, घरी जा." मी ऐकलं नव्हतं.

साहेब दहाला येतात. कार्ड घेऊन मी नऊपासून त्यांच्या दाराशी बसलेय.