दोनच्या खाली

सोमवार, ४ मार्च
आले एकदाची! सामान टाकलं आणि आधी ही वही उघडली. खोली लहान, पण खिडकीतून बाग दिसते. जुन्या कचेरीत सगळ्यांची तोंडं एरंडेल प्यायल्यासारखी. या संस्थेत शिपाईसुद्धा तोंडभर हसतो. माझं काम नोंदणीचं. येणाऱ्याशी चार शब्द बोलायचे, त्याच्या मनःस्थितीचा आकडा ठरवायचा, कार्डावर लिहायचा. शिकवणाऱ्या बाईंना सगळे ताई म्हणतात. आईला कळवलं, पोरगी मार्गी लागली.

बुधवार, ६ मार्च
मनःस्थितीच्या आकड्यांची पट्टी पाठ झाली. उत्साह चार. कंटाळा अडीच. राग दीड. सव्वावर केसानं गळा कापणारे गोडबोले. भीती एक, दुःख अर्धा, आणि ज्याला कशाचंच काही वाटत नाही तो पाव. पट्टी म्हणे चाळीसपर्यंत जाते; तिथवर पोचलेलं अजून कुणी दिसलं नाही. आकडा कळला की माणूस खरं बोलेल का, शब्द पाळेल का, सगळं सांगता येतं. मी मनातल्या मनात घरच्यांवर सराव करून घेतला. आई साडेतीन. दादा एरवी तीन, चहा मिळेपर्यंत दीड.

सोमवार, ११ मार्च
माळीकाकांची बायको गेल्या महिन्यात गेली. आकडा अर्धा. बागेत ओंजळीत तोंड धरून बसले होते. मी विचारपूस करायला निघाले तर ताईंनी दंडाला धरून मागे आणलं. दोनच्या खालच्यांशी बोलायचं नाही, ते आपल्याला खाली ओढतात. नजर त्यांच्यावरून पुढे न्यायची, सवयीनं जमतं, म्हणाल्या.
मी नजर पुढे नेली. जेवण गेलं नाही.

शुक्रवार, २९ मार्च
जमायला लागलं! आज माझा आकडा साडेतीन. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. माळीकाका बऱ्याच दिवसांत दिसले नाहीत. काम सोडलं असावं. बाग मात्र हिरवीगार.

गुरुवार, ४ एप्रिल
सकाळी खिडकीत उभी होते. पाण्याची नळी एका वाफ्याकडून दुसऱ्याकडे जात होती. जमिनीपासून हातभर वर. धरणारं कुणी नव्हतं.
ताईंना सांगितलं. त्या खूश झाल्या. म्हणाल्या, “आता खरी तयार झालीस.”

मंगळवार, ९ एप्रिल
जिन्यात अंगाला अंग घासतं. वळून बघावं तर जिना रिकामा. आज टेबलासमोरची खुर्ची मागे सरली, कुणी बसावं तशी गादी दबली. कानाशी उसासा. मी कार्ड कोरंच ठेवलं.

शनिवार, १३ एप्रिल, दुपार
दादाचा आवाज. फाटकापासून हाका मारत वर आला. दार उघडलं — कुणी नाही. पण आवाज अगदी तोंडासमोर, रडवेला. आई गेली म्हणाला. काल सकाळी, बसल्या जागी. मला न्यायला आलाय.
मी विचारलं, कुठे आहेस तू?
तो म्हणाला, “अगं, समोर तर उभा आहे. अशी काय बघतेस?”

तासाभरानं
त्याचा हात खांद्यावर आहे. जड, गरम. दिसत नाही. रडू येत नाही. तोंड आपोआप हसतंय — पुसून बघितलं, जात नाही. आई साडेतीन होती, एवढंच आठवतंय.
आवाज बारीक होत चाललाय त्याचा —
आठव. जोर लाव. आई सुईत दोरा ओवताना जीभ बाहेर काढायची. मी हसले की चिडायची. फोन ठेवायची घाई मलाच असायची, ती नुसतं बरं बरं म्हणायची —
आलं. डोळ्यांत पाणी आलं.
आधी त्याच्या चपला दिसल्या. मग हात. मग चेहरा, सुजलेला. दादा.

संध्याकाळ
ताई आल्या. मी हाक मारली. त्यांनी नजर पुढे नेली आणि माझ्या पलंगावरची चादर काढून नेली.
दादा म्हणतो, वही ठेव, चल. दार उघडलं त्यानं —
व्हरांडा माणसांनी भरलाय. भिंतीला टेकून, पायऱ्यांवर, उंबऱ्यापर्यंत. माळीकाकाही त्यांच्यात. दादाला विचारलं, येताना होते हे? म्हणाला, होते की, वाट काढत आलो.
एक बाई पुढे झाली. रोज हाक मारत होते तुला, म्हणते. रोज.
दादाला वाट करून देतायत. तो पुढे गेला. मी मागोमाग — नाही, मध्ये मिटली वाट — दादा वळून शोधतोय आणि मी इथे, इथेच, त्यांच्या —