लग्न ठरलेल्या मुलीचं कडवं

आई, रविवारी चर्चमध्ये उपासनेला गेले होते. क्वायरच्या पुढच्या रांगेत एक मुलगी उभी होती. कोपरापर्यंत मेंदी, गळ्यात नवंकोरं मंगळसूत्र, आणि खुशाल गात होती. कुणाची भुवईसुद्धा वर गेली नाही. मला मात्र बसवेना. मधेच उठले, ऑटोने पिपरी मेघेला, आता राहते त्या घरी आले आणि तुला लिहायला घेतलं.

मुलींना क्वायरमध्ये तू घुसवलंस, हे मी कधी नाकारलं नाही. तोवर तिथे बाप्यांचेच घोगरे आवाज. चर्चच्या पंचांनी अट घातली, लग्न ठरलं की मुलीने रांगेत उभं राहायचं नाही, चारचौघांत गाणारी सून सासरच्यांना चालत नाही. तू कबूल केलंस. अडला हरी, दुसरं काय! पण पुढे त्या अटीची राखण पंचांपेक्षा तूच जास्त केलीस.

त्या वर्षी नाताळला आपल्या क्वायरच्या मुली नागपूरच्या कॅथेड्रलमध्ये गाणार होत्या. पहिलं कडवं माझं, एकटीचं. दिवाळीनंतर समुद्रपूरचे पाहुणे पसंती सांगून गेले आणि दुसऱ्या दिवशी भाकरी थापता थापता तू म्हणालीस, "तुह्यं कडवं आता दुसरीले द्या लागते."

"काऊन? लग्न तं उन्हाळ्यात हाय ना?"

"घरच्या पोरीसाठी नियम मोडला तं पंच साऱ्याच पोरीयले घरी बसवतीन. मले बोलू नको."

एवढ्यावर भागलं असतं तर गिळलंही असतं. पण त्या दुसरीला वरचा सूर लागेना, तेव्हा तू तिला आपल्याच स्वयंपाकघरात आणून बसवलंस. म्हणालीस, "तूच शिकव." मी शिकवतेय. ती चुकते, मी पुन्हा गाऊन दाखवते, तू तव्याकडे बघत बोटांनी ताल धरतेस. तुझ्या तोंडावर काहीच दिसत नाही. मला तेव्हा तुझा भयंकर राग आला होता. अजूनही येतो.

ती चांगली गायली म्हणे. मी समुद्रपूरला नांदायला गेले. एकदा कापूस वेचता वेचता सासूबाईंना हे सगळं सांगितलं, तर त्या कपाळाला हात लावून म्हणाल्या, "अवं, आमाले कोनं इचारलं? तू गायली असती तं आमी सारे नागपूरले आलो असतो!" त्यानंतर मी गुणगुणणंही सोडलं. ही गोष्ट तुला सांगायचं मात्र धाडस झालं नाही, तू तेव्हा खाटेवर होतीस.

तुझ्या मातीच्या दिवशी पाळकसाहेब स्वतः माझ्याजवळ आले. "बाई, आज नियमाचं राहू द्या. आईसाठी एक गीत म्हणा." मी गळ्याला हात लावला आणि नाही म्हणून मान हलवली. रडून रडून घसा बसला बिचारीचा, असं बायका म्हणाल्या. मीही तसंच म्हणू दिलं.

हे पत्र कुठे टाकायचं नाही, तेव्हा खोटं लिहायचंही कारण नाही. घसा ठणठणीत होता, आई. तुला नाही म्हणायची तेवढी एकच संधी मला मिळाली, आणि ती मी सोडली नाही.