दोघांच्या नळ्या, एकच पोट

१४ मे. ऊन छान.
माझ्या नळ्या झाल्या. नगरपालिकेची, शौचात रक्त आहे का बघायची टेस्ट दरवर्षी असते. दोन सकाळी काडीवर थोडं घ्यायचं आणि नळीत घालायचं. माझं काल आणि आज झालं. मित्सुरूचं राहिलंय. मुलगा माझा, साठीला आला, पहाटे दुधाचा ट्रक घेऊन जातो. जेवताना विषय काढला तर म्हणाला, आई, घास तरी गिळू दे. सूनबाई फुमिए तोंडावर हात धरून हसली.
यंदा नळ्या गोळा करायची पाळी शेजारच्या तोकीची. आमच्या घरची एक कमी पडली तर ती अख्ख्या अकिता प्रांतात सांगत सुटेल.

१६ मे.
मित्सुरूच्या नळ्याही मीच भरल्या, काल एक आणि आज एक. दरवर्षी मीच भरते, कुणाला पत्ता नाही. माझ्याच पोटचा तो, मग पोटातलंही माझं चालतं. त्याचा रिपोर्ट नेहमी झकास येतो तो कुणामुळे? तोकी पिशवी घेताना म्हणाली, तुमचं घर म्हणजे गल्लीचं नाक. मी तिला धुरावर वाळवून मुरवलेला मुळा दिला. यंदाचा धूर चांगला बसलाय. तिचा दरवर्षी करपतो.

१० जून. ढगाळ.
माझा रिपोर्ट उत्तम. मित्सुरूच्यात रक्त निघालं.
फुमिए रडायला लागली. मी म्हटलं, मशीन चुकलं असेल. मग मोरीत भांडी घासताना आठवलं, त्याच्या नळ्या भरल्या त्या दिवसांत मी खारवलेले लाल आलुबुखार जास्त खाल्ले होते. त्याचाच रंग. म्हणजे घाबरण्यासारखं काही नाही. पण हे फुमिएला सांगायचं कसं? उद्यापासून एकच आलुबुखार.

११ जून.
तीन खाल्ले. तोंडाला चव नाही हल्ली.

३ जुलै. उकाडा.
मित्सुरूला मोठ्या हॉस्पिटलात नेलं. बादलीभर औषधाचं पाणी प्यायला बिचारा. सारखा धावतोय, मला हसू आवरेना. मग आतड्यात कॅमेरा घातला. सगळं स्वच्छ! मी म्हटलंच होतं.
तिथला तरुण डॉक्टर फार गोड बोलतो. म्हणाला, कॅन्सर डोळ्याला दिसायच्या आधी मांसात खुणा उमटतात, त्या ओळखायला आम्ही शिकतोय. त्यासाठी आतड्याच्या चांगल्या भागातले बारीक तुकडे विद्यापीठात पाठवायला घेतले. मित्सुरूने संमतीची सही केली. मी लहानपणी चौथीतून निघून भाताच्या चिखलात उतरले, आणि माझ्या पोराचं मांस विद्यापीठात गेलं.

२२ ऑगस्ट.
खुणा नाहीत! डॉक्टरने आम्हा दोघांना बसवून सांगितलं. मी विचारलं, मग माझ्यातही नसणार ना?
"आजी, मांस ज्याचं त्याचं. तुम्हीही एकदा कॅमेऱ्याने बघून घ्या."
तरुण आहे, पोर झालं नाही अजून. मित्सुरूचं मांस आलं कुठून? मीच दिलं. तेव्हा माझीही तपासणी झाली, तीसुद्धा ते पाणी न पिता. घरी येऊन शुभ दिवसाचा लाल चवळीचा भात केला. मला फारसा गेला नाही.

१९ सप्टेंबर.
नात चिहारूचं लग्न नोव्हेंबरात. लग्नात आम्ही घरच्या बायका घालतो तो काळा किमोनो काढून घालून बघितला. कमरेचा पट्टा आता एक वेढा जास्त बसतो. तरुणपणी असा बसायचा. आनंद झाला. सफरचंदं उतरवायच्या शिडीवर दम लागला, पण शिडीच वाकडी आहे. तोकी म्हणाली, अगं, तू कागदासारखी पांढरी दिसतेस. जळते माझ्या बारीकपणावर.

८ ऑक्टोबर.
संडासात लाल. आलुबुखार सोडून पंधरवडा झाला. म्हणजे मूळव्याध. मित्सुरूच्या बाळंतपणापासून आहेच ती. लग्नाच्या तोंडावर कुणाला काही बोलायचं नाही. लग्न झालं की बघू.

१७ नोव्हेंबर.
लग्न झालं म्हणे. चिहारूने फोटो दाखवले. मी इथे हॉस्पिटलात, हाताला सुई. किमोनो घालायला उभी राहिले आणि फुमिएच्या अंगावरच कोसळले. रक्त फार कमी झालंय म्हणतात.

२१ नोव्हेंबर. बाहेर बर्फ.
माझेही तुकडे घेतले. मी त्या गोड डॉक्टरला म्हटलं, बघा हं नीट, खुणा सापडायच्या नाहीत. तो पलंगाजवळ खाली बसला.
"आजी, यात खुणा शोधायची वेळ गेली. आता डोळ्यालाच दिसतंय."
फुमिए बाहेर गेली. मित्सुरू गेला नाही. सफरचंद सोलत बसला. बराच वेळ सोलत होता. मग मान खाली घालूनच बोलला.
"आई, मे महिन्यात माझ्या नळ्या कुणी भरल्या?"
मी म्हटलं, तू घाईत होतास.
तो काही रागावला नाही. रागावला असता तर बरं झालं असतं.
"पुढच्या वर्षी माझ्या नळ्या मी भरेन," म्हणाला.
मी म्हटलं, हो, आणि माझ्या मी.
त्याने सफरचंदाची पातळ फोड करून माझ्या हातात दिली. गोड होती. अर्धी उरली.