उएनोत धरलेली जागा

१७ मार्च, रात्री

आणि म्हणे माझं बूड एका जागी टिकत नाही. म्हणणारे कोण, तर आमचे बाबा, जे जन्मात चार वेळा उत्तरेतल्या आमच्या त्सुगारूच्या बाहेर पडले असतील. हॉटेल सोडलं ते मालक खत्रूड होता म्हणून. गोदाम सोडलं पाठीमुळे. रंगकाम तर मी सोडलंच नाही, त्यांनीच सोडवलं. आता परांच्या बांधायच्या कामावर अकरा महिने झालेत. सलग. हे फोनवर ऐकवायला गेलो तर बाबा खोकायला लागले आणि फोन ताईकडे दिला. उत्तर सुचलं नाही की त्यांना खोकला येतो.

ताई म्हणाली, खोकला खरा आहे, हॉस्पिटलात ठेवलंय. ताईला सगळं मोठं करून सांगायची सवय.

१९ मार्च

आनंदाची बातमी. कंपनीच्या चेरी-बहराच्या पार्टीसाठी बागेत झाडाखाली जागा धरायचं काम मुकादम कुसाकाबेंनी माझ्याकडे दिलं. वीस माणसांतून माझंच नाव. कामावरचा इगुची हसला. म्हणे, जो सगळ्यात नवा त्यालाच पहाटे थंडीत बसवतात. जळतो. उद्या असिस्टंट मुकादम झालो की याला बघतो.

संकल्प: (१) पार्टीपर्यंत दारू बंद. (२) रोज दहा अवघड चित्राक्षरं गिरवायची. (३) बाबांना टोकियोला आणायचं. त्याच झाडाखाली बसवायचं. बघू दे मुलाची जागा कुठे आहे ते.

२१ मार्च

बँकेतून दहा-दहा हजारांच्या तीन करकरीत नोटा काढल्या. बाबांचं जाण्यायेण्याचं भाडं. वरचे चार-पाच हजार ते घालतील, सगळं काय मीच करायचं? उद्या पोस्टाने पाठवतो.

संकल्प (१) आज मोडला. इगुचीचा आग्रह.

२४ मार्च

टीव्हीवर सांगितलं, टोकियोत पहिली फुलं उमलली. पोस्टात जायचं राहिलं, कारण संध्याकाळी जागेचा सर्व्हे करायचा होता. शिंजुकूच्या बागेत तिकीट, वर दारूला बंदी. सुमिदा नदीच्या काठावर वारा. शेवटी उएनो पार्कच. तळ्याच्या बाजूचं एक झाड पसंत केलं, फांद्या पार खाली आलेल्या.

बाबांना फोन केला. आवाज बारीक येत होता, रेंज नसावी. टोकियोला या म्हटलं, तर विचारतात, तिथे झाडांची छाटणी करतात का? आयुष्यभर सफरचंदाची झाडं छाटली, थंडीत गावच्या किल्ल्यातली चेरीची झाडंही छाटायला जातात, दुसरं काही सुचतच नाही. मी म्हटलं, छाटणीचं माहीत नाही पण इथली झाडं खूप उंच आहेत. तर म्हणे, कोणी लक्ष दिलं नाही की उंच वाढतातच.

हे मला होतं की झाडाला, कळलं नाही.

२५ मार्च

ताईचा फोन. डॉक्टर प्रवासाला नको म्हणतात. तू ये, म्हणाली.

नवा प्लॅन, पहिल्यापेक्षा भारी. बहर इथून उत्तरेला सरकत सरकत आमच्याकडे पोचायला महिना घेतो. म्हणजे महिनाभर टाइम आहे. एप्रिलअखेर मीच जाईन, बाबांना चाकाच्या खुर्चीत बसवून किल्ल्यात फिरवीन. दोन्ही बहर बघणारा आमच्या घरात मी पहिला. नोटा पाकिटात तशाच ठेवल्या.

२९ मार्च, शनिवार, पहाटे

जागा धरली. पहिला नंबर. निळी ताडपत्री, चार कोपऱ्यांना चार दगड, कंपनीच्या नावाचा पुठ्ठा. बोटं बधिर झालीत. वर अख्खं झाड उमललंय. फोटो काढून बाबांना पाठवला.

अकरा वाजता

ताईचा फोन. आजच ये म्हणते. स्टेशन इथून हाकेच्या अंतरावर, उत्तरेकडच्या गाड्या इथे थांबतात. पण वीस माणसांची जागा सोडून जाऊ कसा? संध्याकाळी लोक आले की ताबा देऊन शेवटच्या गाडीने निघतो म्हटलं.

शेजारच्या ताडपत्रीवर एक म्हातारे गृहस्थ सुनेच्या ऑफिससाठी जागा धरून बसलेत. त्यांनी बोलणं ऐकलं. म्हणाले, जा बाळा, तुझी पण मी सांभाळतो. मी नको म्हटलं. परक्यावर भरवसा कसा ठेवायचा? शिवाय आज उठलो तर बाबांचंच खरं होईल.

ताईचे सारखे फोन. बॅटरी संपेल म्हणून बंद करून ठेवला. संध्याकाळी फोटोला लागेल.

३० मार्च

काल सातला सगळे आले. मुकादम म्हणाले, छान आहे जागा. मी इगुचीला माझा फोटो काढायला लावला, मांडी घालून, झाडाखाली. बाबांना पाठवायचा होता, पहाटेपासून एका जागी म्हणून. त्यासाठी फोन चालू केला तर ताईचा मेसेज. दुपारीच आलेला.

मुकादमांना सांगितलं. त्यांनी हातातला ग्लास खाली ठेवला.

"अरे गाढवा, जागेचं काय एवढं? कुठेही बसलो असतो आम्ही."

बूट सापडेनात. वीस जणांचे बूट ताडपत्रीच्या कडेला, सगळे सारखेच. स्टेशनवर पोचलो तेव्हा आमच्याकडची शेवटची, आठ-साडेआठची गाडी गेली होती. तिथूनच ताईला फोन केला. ती रडली नाही.

"बाबांनी दोनदा विचारलं, निघाला का म्हणून. मी सांगितलं, निघाला."

३१ मार्च

आमच्याकडे आधी दहन, मग बाकीचे विधी. इथे टोकियोत उलटं असतं, तेच धरून काल निघालो नाही. ताई म्हणाली, आज सकाळी झालं. म्हणजे चेहरा काही दिसणार नाही. मग घाई करण्यात अर्थ नाही. मुकादम म्हणाले, आठ दिवस जा. मीच म्हटलं, चौथ्या मजल्याची परांची अर्धी आहे, टाकून कसा जाऊ? अकरा महिन्यांत कामावर पहिल्यांदा कोणी जा म्हटलं आणि मी गेलो नाही.

बहर तिकडे पोचला की जाईन. नक्की.

२ एप्रिल

उएनोवरून आलो. पाऊस पडून गेलाय, जागेवर चिखल, त्यात पाकळ्या. फांद्या नीट बघितल्या. वाळक्या तशाच आहेत. कोणी छाटलेल्या नाहीत.

दुखवट्याचे पैसे पाठवायचं पाकीट आणलं, काळ्या-पांढऱ्या दोरीचं. त्यात कोऱ्या नोटा घालत नाहीत, मरणाची आधीच तयारी करून ठेवल्यासारखं दिसतं. माझ्याकडे त्याच तीन आहेत. एकेक मधोमध दुमडून घडी पाडली. ताईला पाठवतोय, तीस हजार येन.