सून होते तोवर

प्रिय सायोकोवन्सं,

तुमचे भाऊ गेल्यापासून तुमचे फोन कमी झाले, ते एका परीनं बरंच झालं. दर फोनला तुमचा एकच प्रश्न, "वहिनी, आई नीट जेवली ना?" मी जेवले का, हे इतक्या वर्षांत तुम्हाला कधी सुचलं नाही. रागानं नाही लिहीत. खरं आहे म्हणून लिहितेय.

यंदा आमच्या अकितात बर्फ वेड्यासारखा पडला. छपरावरचा बर्फ दरसाल तुमचे भाऊ त्सुनेओ काढायचे. यंदा फावडं घेऊन मी शिडीवर चढले, तर खिडकीतून सासूबाई ओरडल्या, "अगं ए, तू पडलीस तर मला कोण उठवणार?" पडले नाही, पण गुडघा कायमचा गेला. डॉक्टर म्हणाले, शस्त्रक्रिया करून घ्या आणि मग दोन-तीन महिने आराम. मला हसू आलं.

गावात शिकायला मुलंच उरली नाहीत तेव्हा शाळेत म्हाताऱ्यांसाठी दिवसाचं केंद्र निघालं होतं, आठवतंय? सकाळी सासूबाईंना न्यायला गाडी यायची आणि मला निदान केस विंचरायला सवड मिळायची. नोव्हेंबरात तेही बंद पडलं. म्हातारे ढीगभर, सांभाळायला माणूस मिळेना. मग वृद्धाश्रमात नाव घालायला नगरकचेरीत गेले. तिथली मुलगी म्हणाली, "घरात सून आहे ना? मग तुमचा नंबर बराच मागे." मी काठी टेकून उभी होते. त्याच कचेरीनं सप्टेंबरात मला ज्येष्ठ नागरिकांच्या जेवणाचं आमंत्रण धाडलं होतं. म्हणजे सरकारच्या लेखी मी जेवणापुरती म्हातारी. शहाण्णव वर्षांच्या बाईला उचलायला मात्र तरुण.

त्सुनेओंच्या अंत्यविधीला सासूबाई माझ्याकडे बघत सगळ्यांदेखत म्हणाल्या होत्या, "चुकीचं माणूस गेलं." तुम्ही ऐकलंत. "मनावर घेऊ नका हं वहिनी, आई आता लहान मुलासारखी झालीय," एवढं बोलून तुम्ही दुपारच्या गाडीनं परत गेलात.

जानेवारीत एकदा त्यांना अंघोळ घालत होते. माझे हात बर्फानं फाटून रक्ताळलेले. त्या डोळे मिटून म्हणाल्या, "सायोको, किती मऊ गं हात तुझे! दमलीस का पोरी?" या घरात कुणी पहिल्यांदाच मला दमलीस का म्हणून विचारलं होतं, आणि तेही तुम्हाला. दुसऱ्या दिवशी तेच, तिसऱ्या दिवशी तेच. मी माझंच नाव घेऊन किनुको कुठं गेली म्हटलं, तर म्हणाल्या, "गेली असेल कुठंतरी उलथायला." टोमणे माझ्या नावानं, माया तुमच्या. त्या दिवसापासून मला त्यांची कीवही येईनाशी झाली, वन्सं. आत सगळं गार पडलंय.

नवरा गेल्यावर सासरचं नातं मोडायची सोय आपल्या कायद्यात आहे, हे तुम्हाला ठाऊक नसेल. सासरच्यांची परवानगी लागत नाही, त्यांना कळवावंही लागत नाही. बुधवारी मी कचेरीत जाऊन ते उरकलं. तीच मुलगी हळूच म्हणाली, "हल्ली पुष्कळ जणी येतात." आता मी तुमच्या घरची कुणी नाही. हे पत्र तुमच्या सेंदाईला येणाऱ्या गाडीत लिहितेय. सासूबाई शेजारी डुलक्या घेताहेत. मघाशी तिकीट तपासनिसाला माझा हात धरून कौतुकानं सांगत होत्या, "ही माझी लेक. सून आळशी, ती बसलीय घरी." तुमच्या दाराशी त्यांची चाकाची खुर्ची लावीन, पत्र मांडीवर ठेवीन आणि बेल वाजवीन. भात अगदी पातळ लागतो. रात्री कूस बदलावी लागते, नाहीतर पाठीला जखमा होतात. दाराशी जाग आली की त्या सायोको, सायोको करतील. तुम्ही शंभरदा सांगा, "आई, मीच सायोको." त्यांना पटायचं नाही. त्यांची सायोको तोवर लिफ्टनं खाली उतरलेली असेल.

आजवर खाली 'तुमचीच' लिहीत आले. आज नुसतीच,
किनुको